एका मिनिटाला एक खूण

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र व्हॉट्सॲपवर आलं, खाली लिहिलेलं की माजी विद्यार्थ्यांनी आठवणी पाठवाव्यात, आणि त्याच रात्री लिहायला बसलो. स्नेहसंमेलन, खो-खोची टीम, गेटवरची भेळ यावर बाकीचे लिहितीलच, मी फक्त सरांबद्दल लिहिणार आहे. कुठले सर ते आमच्या बॅचला सांगावं लागत नाही. नंतरच्या मुलांसाठी सांगतो, दुर्बीणवाले सर. विज्ञान शिकवायचे, आणि प्रयोगशाळेची किल्ली कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची.

दुर्बीण सरांनी स्वतः बनवलेली होती हे आताच्या मुलांना कदाचित माहीत नसेल. सहा इंची आरसा त्यांनी स्वतः घासला, त्यासाठी सुट्टीत पुण्याला जाऊन ज्योतिर्विद्या परिसंस्थेतल्या जाणत्या लोकांकडून शिकून आले (ही संस्था १९४४ पासून आहे, साताऱ्याच्या पोरांनी एकदा तरी जाऊन यावं असं ठिकाण). काचेवर काच ठेवून कार्बोरंडमची पूड टाकून तासन् तास घासायचं, मग पॉलिश, मग आरसा बरोबर उतरलाय का त्याची टेस्ट. १२०० मिलिमीटरची फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतचं अंतर), म्हणजे दहा मिलिमीटरची आयपीस, डोळा लावायचं भिंग, लावली की १२० पट. लोक आरशाचं कौतुक करायचे, पण सरांचा खरा जीव होता खालच्या माउंटवर.

माउंट म्हणजे दुर्बीण ज्याच्यावर बसते आणि फिरते ते. पृथ्वी फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसतं, हे पुस्तकात सगळेच वाचतात, पण १२० पट मोठं करून शनी बघायला गेलात की तो दीड मिनिटात आयपीसच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊन गायब होतो, तेव्हा ते खरं कळतं. त्यावर उपाय असा की माउंटचा एक अक्ष बरोबर ध्रुवाकडे रोखायचा, पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे तो एकच अक्ष हळूहळू पश्चिमेकडे फिरवत राहिलं की ग्रह जागचा हलत नाही. साताऱ्याचा अक्षांश १७ अंश ४१ मिनिटं, म्हणून अक्ष जमिनीपासून तेवढाच वर उचललेला हवा. बाहेरून येणारे बरेच माउंट वरच्या अक्षांशांच्या देशांसाठी केलेले असतात, आपल्याकडे इतका खाली कोन केला की काउंटरवेटचा, म्हणजे तोलासाठी लावलेल्या वजनाचा, दांडा स्टँडच्या पायाला आपटतो. सरांनी तो कोन वेल्डिंग करतानाच धरून घेतला होता आणि तिपाईऐवजी जाड पाइपाचा खांब केला होता, कशाला काही आपटायचा प्रश्नच नाही. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे त्यांनी किती संध्याकाळी काढल्या असतील देव जाणे.

त्या अक्षावर गनमेटलचं वर्म व्हील होतं, १४४ दात्यांचं चाक, आणि त्याला लागून स्टीलचा वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा दांडा. वर्मच्या टोकाला स्कूटरच्या स्पीडोमीटरची केबल आणि केबलच्या टोकाला नॉब, म्हणजे आयपीसजवळ उभं राहून आरामात फिरवता यावा, दुर्बिणीला हात लागून ती थरथरू नये. मोठी हालचाल करायची तर क्लच सोडायचा, ग्रह आयपीसमध्ये आला की क्लच हलका आवळायचा आणि तिथून पुढे फक्त नॉब. वर्मचा एक पूर्ण फेरा झाला की चाक एक दाता पुढं, आणि २४ तास भागिले १४४ म्हणजे दहा मिनिटं. म्हणून सरांनी नॉबवर करवतीच्या पात्याने दहा खुणा कोरल्या होत्या. एका मिनिटाला एक खूण. आमच्यातला एक हुशार म्हणाला, सर, पण आकाशाचा फेरा तर २३ तास ५६ मिनिटांत होतो. सर इतके खूष झाले की फळ्यावर तिथंच गणित मांडलं, खरा आकडा ९ मिनिटं ५८ सेकंद, तासाला साधारण दहा सेकंदांचा फरक, "तेवढं मी मधून मधून बघून सरळ करीन." आणि त्या मुलाला त्या आठवड्यात प्रयोगशाळेची किल्ली सांभाळायला दिली. यापेक्षा मोठं बक्षीस आमच्या वर्गात कुणाला मिळालं नसेल.

१९९६ चा डिसेंबर. मी नववीत. शनी दाखवायचा कार्यक्रम ठरला, पालकांनाही बोलावलं, आणि आदल्या रविवारी सरांनी आम्हा तिघांना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं कारण नॉबमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. नॉब एका बाजूला फिरवून उलटा फिरवला की थोडा वेळ नुसताच फिरायचा, दुर्बीण हलायचीच नाही, आणि मग एकदम हलायची. आम्हाला वाटलं दाते झिजले. सर म्हणाले आधी प्ले कुठं आहे ते शोधा. दुर्बिणीच्या नळीचं टोक हलकेच धरून पुढंमागं करायला सांगितलं आणि दुसऱ्याला वर्मवर बोट ठेवायला. वर्मचा शाफ्टच आतबाहेर होतोय असं बोटाला लागलं तर तो बेअरिंगचा प्ले, टोकाचा नट आवळायचा. शाफ्ट जागच्या जागी आहे पण चाक हलतंय, तर वर्म चाकापासून लांब गेलाय, वर्मची बैठक सरकवायची. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं, आणि आमच्या दुर्बिणीला दोन्ही झाले होते.

आधी जुनं ग्रीस रॉकेलने धुतलं, कारण थंडीत ते घट्ट होतं आणि मग टाइट कशानं आहे तेच कळत नाही. शाफ्टचा नट सरांनी आवळून दाखवला, जास्त आवळला तर नॉब जड जातो म्हणून पुन्हा जरासा सैल. मग वर्मच्या बैठकीचे दोन बोल्ट. इथं सरांनी खिशातून पतंगाचा कागद काढला, संक्रांत जवळच होती, त्याची एक बारीक पट्टी वर्म आणि चाकाच्या मध्ये घातली, वर्म चाकाला टेकवला, बोल्ट आवळले आणि नॉब फिरवून कागद बाहेर काढला. कागदाच्या जाडीइतकी फट राहिली. आम्हाला वाटलं झालं. सर म्हणाले आता चाकाचा पूर्ण फेरा करा. नॉबचे १४४ फेरे, आळीपाळीनं, कंटाळा येईपर्यंत, आणि एका ठिकाणी नॉब अडकला. चाक कितीही नीट कापलं तरी अगदी केसाइतकं लंबगोल असतंच, म्हणून जिथे सगळ्यात टाइट तिथे सेटिंग करायचं, बाकी ठिकाणी थोडा प्ले राहणार तो राहू द्यायचा. त्या जागेवर परत पतंगाचा कागद घालून परत आवळलं. राहिलेल्या प्लेसाठी सरांची युक्ती वेगळीच, नटबोल्टांची एक छोटी कापडी पिशवी पूर्वेच्या बाजूला लटकवायची, म्हणजे तोल मुद्दाम पूर्वेला जरा जड. नॉब पश्चिमेकडे ओढतोय आणि वजन पूर्वेकडे, त्यामुळे चाकाचा दाता कायम वर्मच्या एकाच बाजूला रेलून राहतो आणि प्ले असून नसल्यासारखा होतो. आणि ग्रह पुढं निघून गेला तर तिथल्या तिथं उलटं फिरवायचं नाही, चांगला मागं आणायचा आणि परत पश्चिमेकडे फिरवतच जागेवर आणायचा.

संध्याकाळी मैदानावर आणून, अक्ष बरोबर ध्रुवाकडे आहे का त्याची ताऱ्यावर तपासणी. दक्षिणोत्तर वर्तुळाजवळचा (डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणारी आकाशातली रेषा), आकाशाच्या विषुववृत्ताजवळचा तारा धरायचा, नुसता पश्चिमेचा नॉब फिरवत राहायचं आणि तो उत्तर-दक्षिण सरकतो का बघायचं. दक्षिणेकडे सरकला तर अक्षाचं टोक पूर्वेला गेलंय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. अजिंक्यतारा किल्ल्यावरून वारा सुटलेला, हात गारठलेले, आणि सर म्हणत होते अजून थोडं, अजून थोडं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानभर रांग. अंधार पडला तेव्हा शनी जवळजवळ डोक्यावरच होता, त्यामुळे आयपीस उंचावर, आणि पाचवीच्या पोरांसाठी स्टूल. कडी त्या वर्षी बारीक दिसत होती, फेब्रुवारीतच ती आपल्याला अगदी काठावरून येऊन गेलेली, तरी काय दिसत होती! सर बाजूला उभे राहून माहिती सांगत होते आणि नॉब त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्या. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, विज्ञानात काठावर पास होणाऱ्या मुलाच्या. "घड्याळ बघ आणि पंधरा सेकंदाला पाव खूण, बाकी काही बघू नकोस."

रांगेत एक आजी होत्या, सातवीतल्या कुणाच्या तरी. शनी म्हटल्यावर त्यांनी आधी चपला काढल्या, नमस्कार केला आणि मग डोळा लावला. आणि लावला तो लावलाच. मागून लोक आजी चला आता म्हणायला लागले. सर म्हणाले, बघू द्या त्यांना, हवं तेवढं बघू द्या. मी फिरवत राहिलो, पाव खूण, पाव खूण. बऱ्याच वेळानं आजी डोळा न काढताच म्हणाल्या, "मास्तर, मगाशी तुम्ही म्हणालात तो पळतो, हा तर जागचा हलत नाही." सर म्हणाले, "आजी, तो पळतोच आहे, पण आमचा हा मुलगा त्याच्याबरोबर पृथ्वी उलटी फिरवतोय." आजींनी मग डोळा काढला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्या मैदानासमोर. सरांनी बनवलेली दुर्बीण, सरांनी कोरलेल्या खुणा, आणि श्रेय त्यांनी मला दिलं. मी त्या रात्री घरी जाऊन आईला काय सांगितलं ते आठवत नाही, पण त्यानंतर मी शाळा बुडवली नाही एवढं नक्की.

पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला, तो नुसत्या डोळ्यांनीच दिसायचा, सगळा गाव संध्याकाळी वायव्येकडे बघत उभा. तरीही सरांनी दुर्बीण बाहेर काढली आणि नॉब माझ्याकडेच.

मी आज चाकणला गिअर बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचा हेड आहे. आयटीआय, मग डिप्लोमा, मग नोकरी करत करत डिग्री. आमच्याकडे प्ले मायक्रॉनमध्ये मोजतात, मोजणारं मशीन जर्मनीहून आलंय, पण नवीन पोरगा जॉइन झाला की मी त्याला आधी सरांचाच प्रश्न विचारतो, प्ले कुठं आहे ते आधी सांग, नट नंतर आवळ. माझ्या घरी आज चांगला माउंट आहे, तरीही मी मोटर लावलेली नाही, मुलगी हाताने फिरवते.

निमंत्रण आल्यावर मध्ये एकदा शाळेत जाऊन आलो. खूप बदललंय, बरंचसं चांगलंच आहे, पण मैदानाच्या उत्तरेला नव्या वर्गांची दोन मजली बिल्डिंग झाली आणि आपली जुनी निरीक्षणाची जागा तिच्या पायथ्याशी आली. ध्रुवतारा आपल्याकडे इतका खाली असतो की आठ मीटरची भिंत पंधरा मीटरवर असली तरी तो झाकला जातो. देणगीत मिळालेली कॉम्प्युटरवाली दुर्बीण आता शाळेत आहे, बटण दाबलं की ती आपोआप शनीकडे वळते. ती असावीच, पण जे मूल फक्त बटण दाबतं त्याच्या हाताला आकाश फिरतंय हे कधी कळत नाही, आणि मला हे फार लागलं. सरांची दुर्बीण प्रयोगशाळेच्या मागच्या कपाटाशेजारी गोणपाटात गुंडाळलेली आहे. आरशाला परत मुलामा द्यायला लागेल. केबल नाही. ग्रीस दगडासारखं झालंय. नॉब मात्र आहे, खुणा स्वच्छ दिसतात.

तिथूनच सरांना फोन केला. ते आता मुलाकडे नाशिकला असतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आवाज तसाच आहे. मी सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न काय, "चाक अडकतं ती जागा खुणेनं लिहून ठेवली होती, दिसते का बघ." बघितलं. व्हीलच्या कडेला पंचनं मारलेला ठिपका आहे. मला तो कधी माहीतच नव्हता.

तर मुख्याध्यापकांना आणि महोत्सव समितीला माझी विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस येतोय, नवी केबल, बेअरिंग आणि ग्रीस घेऊन, आरसा मुलाम्यासाठी पुण्याला मी नेईन, खर्च सगळा माझा. दुर्बिणीची जागा मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, खो-खोच्या खांबाच्या मागे करू, तिथून ध्रुवतारा बिल्डिंगच्या वर येतो, मी अंदाज घेतलाय. खांबासाठी दोन बाय दोन फुटांचा काँक्रीटचा चौथरा तेवढा आधी करून ठेवा म्हणजे सुकायला वेळ मिळेल. आमच्या बॅचचे जे कोणी साताऱ्यात आहेत त्यांनी नटबोल्टचे पाने घेऊन यावं. आणि आठवी-नववीतली तीन मुलं मला द्या, मार्क कितीही असोत, वर्मचे बोल्ट त्यांनीच सोडायचे आहेत.