हे व्हायोलिन बिघडलंय का?

डेउस या बेल्जियन रॉक बँडचं ‘सड्स अँड सोडा’ हे गाणं लावलं आणि दहा सेकंदांत प्रश्न आला, “हे व्हायोलिन बिघडलंय का?”

नाही हो, ते तसंच आहे! बँडचा व्हायोलिनवादक क्लास यान्झून्स एकच छोटा तुकडा घासत राहतो, करवतीसारखा. रॉकमध्ये व्हायोलिनची खरी अडचण गिटार आणि गायकाचा आवाज. तिघांचे स्वर साधारण एकाच उंचीचे, म्हणून एकमेकांत घुसतात. लांब, गोड सुरावट वाजवली की ती गिटारखाली गाडली जाते. आखूड, खरखरीत आणि पुन्हापुन्हा येणारा तुकडा मात्र वर राहतो.

अँटवर्पचा हा बँड 1991 चा. पहिला अल्बम ‘वर्स्ट केस सिनॅरिओ’ 1994 चा. आयलंड रेकॉर्ड्सने तो बेल्जियमबाहेर नेला.

मग बँडमधून गळती सुरू. गिटारवादक रूडी ट्रूव्हे गेला, बासवादक स्टेफ कामिल कार्लेन्सही गेला आणि त्याने झिटा स्वून हा बँड काढला. स्कॉटिश गिटारवादक क्रेग वॉर्ड आला, पुढे तोही गेला. गायक टॉम बारमन आणि यान्झून्स तेवढे टिकले. तरी 1999 चा ‘दि आयडियल क्रॅश’ मला सगळ्यांत रेखीव वाटतो. तिथे व्हायोलिन ओरडत नाही, मागे राहून गाणं उचलतं.

त्यानंतरचा अल्बम थेट 2005 ला. मधल्या काळात बारमनने चक्क सिनेमा केला! 2012 नंतरचा तर 2023 ला, ‘हाऊ टू रिप्लेस इट’.

माणसं बदलली तरी आवाज ओळखू येतो, तो बारमनच्या गळ्यामुळे की त्या व्हायोलिनमुळे? माझं मत व्हायोलिनला. तुमचं?