'ला' लागला की 'टू' नाही

१९७९ साली मी या शाळेत पाचवीत आलो आणि त्याच वर्षी माझं इंग्रजी सुरू झालं. तेव्हा मराठी शाळांत ते पाचवीपासूनच असे. स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर मात्र आठवला तो आठवीचा वर्ग आणि आम्हाला इंग्रजीला आलेले सर. हे सर सुरुवातीला इंग्रजी शिकवेचनात. तासाला येऊन मराठीच्या विभक्ती विचारायचे.

"द्वितीया?"
"स, ला, ते."
"चतुर्थी?"
"स, ला, ते."
"प्रत्यय तेच, मग दोन विभक्ती कशाला?"

वर्ग गप्प. सरांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'मी गणूला पाहिलं.' 'मी गणूला पुस्तक दिलं.' पहिल्यात पाहिला गेला तो गणूच, म्हणजे तो प्रत्यक्ष कर्म. दुसऱ्यात दिलं गेलं ते पुस्तक. गणूच्या हाती ते पडलं, म्हणून तो अप्रत्यक्ष कर्म. 'ला' दोन्हीकडे एकच आणि पुस्तकाला तर प्रत्ययच नाही, कारण निर्जीव कर्म मराठीत बहुधा बोडकंच फिरतं. वर्गातले निम्मेजण 'आय सॉ टू गणू' असं का लिहीत होते, हे त्या दिवशी कळलं. 'ला' दिसला की 'टू' ठोकून द्यायचा, एवढंच आमचं इंग्रजी होतं.

मग सरांनी टोपीचा खेळ काढला. तीन मुलं फळ्यापुढे उभी करायची. एक देणारा, एक घेणारा, तिसऱ्याच्या हातात डस्टर. घेणारा जर डस्टरच्या आधी उभा असेल तर त्याने बोडक्याने राहायचं: 'राम गेव्ह गणू द डस्टर.' तो डस्टरच्या मागे गेला की त्याने टोपी घालायची, टोपी म्हणजे 'टू': 'राम गेव्ह द डस्टर टू गणू.' पुढे उभा राहून कोणी टोपी घातली की सगळा वर्ग ओरडायचा. डस्टरच्या जागी 'इट' आलं तर मात्र घेणाऱ्याला टोपी घालून मागे जाणं भागच. 'गिव्ह इट टू मी' हेच सरळ, 'गिव्ह मी इट' सर खपवून घेत नसत.

क्रियापदानुसार टोपीही बदलायची. गिव्ह, सेंड, शो, टेल, लेंड यांना 'टू'. बाय, मेक, कुक यांना 'फॉर'. सरांची खूण साधी होती. पाठवणाऱ्याला दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतोच, म्हणून 'टू'. पेन विकत घ्यायला मात्र दुकानदार पुरतो. ते कोणासाठी घेतलं हा नंतरचा प्रश्न, म्हणून 'फॉर'. आपण 'त्याला पाठवलं' पण 'त्याच्यासाठी विकत घेतलं' म्हणतो, तोच हा भेद.

आणि काही क्रियापदांपुढे टोपी काढताच येत नाही. एका हुशार मुलाने एकदा उभं राहून विचारलं, "सर, प्लीज एक्स्प्लेन मी." सर म्हणाले, "तुझा उलगडा तुझ्या आईवडिलांना झाला नाही, मी काय करणार?" एक्स्प्लेननंतर समजावण्याची गोष्ट येते, समजून घेणारा नव्हे. तो 'टू' घेऊनच येणार. डिस्क्राइब, सजेस्ट, अनाउन्स, से ही त्याच घराण्यातली. 'टेल' आणि 'से' यांची तर सर मुद्दाम जोडी लावत: 'टोल्ड मी', पण 'सेड टू मी'. उलट 'रिक्वेस्ट'ला टोपी चालत नाही, तरी आजही अर्जांत 'आय रिक्वेस्ट टू यू' हमखास भेटतं.

नववीत 'चेंज द व्हॉइस' आलं आणि पुन्हा घोटाळा झाला. 'त्याला बक्षीस दिलं गेलं' यात मराठीतला 'त्याला' जागचा हलत नाही. इंग्रजीत तो उठून कर्त्याच्या खुर्चीत बसतो आणि कपडेही बदलतो: 'ही वॉज गिव्हन अ प्राइझ.' मुलं बिनदिक्कत 'हिम वॉज गिव्हन' लिहायची. पुढे कॉलेजात वाचलं की जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते आणि 'हिम' हे मुळात चतुर्थीचंच रूप. ते प्रत्यय झडले आणि त्यांचं बरंचसं काम वाक्यातल्या जागेवर आणि 'टू'सारख्या शब्दांवर पडलं. सरांना हे ठाऊक असणार. आठवीतल्या मुलांवर त्यांनी ते लादलं नाही, हे बरंच केलं.

गाइडांत 'टू' घालून वाक्य फिरवण्याचे स्वाध्याय ढिगाने असतात, पण फिरवायचं कशासाठी हे तिथे क्वचितच सांगितलेलं असतं. सर आधी प्रश्न विचारायचे. "गणूला काय दिलंस?" असं विचारलं तर 'आय गेव्ह गणू द मनी'. "पैसे कोणाला दिलेस?" असं विचारलं तर 'आय गेव्ह द मनी टू गणू'. ज्याची चौकशी चालली आहे ते शेवटी. मराठीत तेच आपण क्रियापदाच्या लगेच आधी ठेवतो: 'गणूला पैसे दिले', 'पैसे गणूला दिले'. माझ्या मते सरांच्या शिकवण्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि परीक्षेत त्याला एकही गुण नव्हता.

पुढे मी न्यायालयात भाषांतरकार झालो. साक्षीदार बोलतो, "गणूला बाळूने पैसे दिले." मराठीत 'ने' आणि 'ला' राखणीला आहेत, नावं कुठेही ठेवा. इंग्रजीत त्याच क्रमाने 'गणू गेव्ह बाळू मनी' उतरवलं की पैसे घेणारा देणारा होतो आणि वकिलांना दिवसभराचं काम मिळतं. नव्याने रुजू होणाऱ्यांना मी आधी हेच वाक्य देतो.

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलं आमच्यापेक्षा धीटपणे बोलतात याचा आनंदच आहे, पण 'एक्स्प्लेन मी' काही गेलेलं नाही. शाळेने जमल्यास आठवीच्या वेळापत्रकात विभक्तीचे थोडे तास जोडून घ्यावेत, मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक दोघेही वर्गात. टोप्या मी पाठवीन.