फु नव्हे, बु

जपानमधल्या कानागावा प्रांतात वृद्धांच्या एका केअर होममध्ये मी काम करतो. 2021 साली भारत आणि जपानमध्ये कुशल कामगारांबद्दल करार झाला, त्यातल्या 'कायगो'च्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या व्हिसावर आलो. आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं, डायपर बदलणं हे रोजचंच. गुरुवारी दुपारी मात्र कराओके असतं आणि गाणी लावायचं काम माझ्या गळ्यात. कारण एकच, वयाने सगळ्यांत लहान मी.

गाणं शोधायचं ते नावाच्या पहिल्या अक्षरावरून. जपानी अक्षरांचा क्रम आपल्याला परका वाटत नाही. अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. तिकडच्या बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून उचललेला हा क्रम आहे, त्यामुळे पुण्यात क्लासला असताना तो आम्हाला पटकन पाठ झाला. खोच 'ह'च्या ओळीत आहे. ह, हि, फु, हे, हो. यात 'हु' नाही, आणि 'ब' व 'प' यांना स्वतःचं घर नाही. 'ह'च्या अक्षरावर दोन बारीक रेघा दिल्या की 'ब' होतो, छोटं वर्तुळ काढलं की 'प'. यादीत ही सगळी मंडळी एकाच छपराखाली नांदतात.

आता आजोबांबद्दल. तिथे आम्ही त्यांना आडनावापुढे 'सान' लावून हाक मारतो, इथे आजोबाच म्हणतो. वय 77. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका येऊन उजवं अंग लुळं पडलेलं आणि वाचा गेलेली. आपण बोललेलं बरंचसं कळतं, पण तोंडातून निघतं फक्त "सो, सो". होकाराला तेच, नकाराला तेच, चहा सांडला तरी तेच. त्यांच्या मुलीने हौसेने अक्षरांचा मोठा तक्ता करून आणला होता, बोट ठेवून बोलतील म्हणून. आमच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी तिला समजावलं की वाचाघातात अडचण जिभेपुरती नसते, शब्दाची अक्षरं जुळवणंच हरवलेलं असतं. तक्ता दाखवला की माणूस जास्त चिडतो. तसंच झालं. तक्ता कपाटात गेला.

त्या गुरुवारी मी टॅबलेट घेऊन बसलो होतो तर आजोबांनी डाव्या हाताने माझी बाही ओढली आणि म्हणाले, "फु... फु..."

सो सोडून दुसरं काहीतरी! सगळे गोळा झालो. एक जण म्हणाली 'फुरो', म्हणजे आंघोळ. त्यांचा आंघोळीचा वार होताच. दुसरीने 'फुतोन' काढलं, अंथरुणावर पडायचं असेल. तिसरीने 'फुकु' म्हणत स्वेटर आणला. आजोबा मान हलवून हलवून लाल झाले. मग त्यांनी टॅबलेटवरच थाप मारली. गाणं हवं होतं!

मग काय, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं: 'फुरुसातो'. 1914 सालचं शालेय गीत, गावाकडच्या डोंगरांची आणि नदीची आठवण काढणारं. आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट त्यानेच होतो. म्हातारी माणसं म्हणजे फुरुसातो हे समीकरण इतकं पक्कं आहे की विचारायचीही गरज कुणाला वाटत नाही. लावलं. आजोबांनी तोंड फिरवलं. मग 'फुयुगेशिकि', तेही शाळेतलं, 1913चं. नाही. 'फुनाउता' लावलं, याशिरो आकीचं 1979चं, दारूच्या पेल्याशी बसून ऐकायचं गाणं. दोन ओळी ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा "फु..."

यावेळी मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. जपानी 'फु'ला ओठ टेकत नाहीत, फुंकर मारताना येतात तेवढेच जवळ येतात. हे मला पक्कं माहीत, कारण माझा मराठी 'फ' ओठ मिटून यायचा आणि क्लासमधल्या मॅडमनी त्यावरून माझा जीव काढला होता. आजोबांचे ओठ मात्र घट्ट मिटत होते. उजवा कोपरा सैल असल्यामुळे तिथून हवा निसटत होती आणि आवाज 'फु'सारखा येत होता. त्यांना म्हणायचं होतं 'बु'.

यादी खाली सरकवली. 'बु'ची गाणी तिथेच, 'फु'च्या शेजारी. आजोबांनीच बोट आपटलं: 'बुरू राइतो योकोहामा', म्हणजे ब्लू लाइट योकोहामा. इशिदा आयुमीने गायलेलं, डिसेंबर 1968 मध्ये आलेलं गाणं. योकोहामाच्या केईक्यू रेल्वेच्या स्टेशनवर गाडी येताना याचीच धून वाजते, मीसुद्धा ती कितीदा ऐकलेली.

सुरुवातीचं संगीत संपलं आणि आजोबा गायला लागले. शब्दांसकट! आवाज फाटका, पण ताल चोख आणि धृपदातलं योकोहामा अगदी स्पष्ट. मी थेरपिस्ट बाईंना बोलवायला धावलो. त्या म्हणाल्या, असं होतं. बोलणं गेलेल्या माणसाला कधीकधी गाणं शाबूत राहतं. म्हणून उद्या बोलायला लागतील असं मुलीला सांगू नका. बरोबरच होतं त्यांचं. गाणं संपल्यावर मी विचारलं, "अजून एकदा?" उत्तर आलं, "सो, सो."

पण मला खरा धक्का बसला तो हिशोबाचा. 1968 साली आजोबा एकविशीच्या आसपास होते. बीटल्स तोक्योच्या बुदोकान सभागृहात येऊन गेले 1966 मध्ये. इलेक्ट्रिक गिटारवर वाढलेल्या या पिढीला आम्ही दर गुरुवारी त्यांच्या आजीची गाणी म्हणायला लावत होतो, आणि ती बिचारी सभ्यपणाने टाळ्याही देत होती. संध्याकाळच्या मोशिओकुरीत, म्हणजे पुढच्या पाळीला द्यायच्या नोंदीत, मी लिहिलं: "फु नव्हे, बु. गाणी विचारून लावावीत."

पुढच्या गुरुवारी विचारलं. फुरुसातोला सगळ्यांत पुढे बसून टाळ्या वाजवणाऱ्या आजीबाई घसा खाकरून म्हणाल्या, "'कि'मध्ये बघ." निघालं 'किमि दाके नि आइ ओ', द टायगर्स या बँडचं, जानेवारी 1968, गीतकार 'ब्लू लाइट योकोहामा'चाच, हाशिमोतो जुन. यातल्या 'फक्त तुला' या शब्दांवर गायक सावादा केंजी प्रेक्षकांकडे बोट रोखायचा आणि मुली किंचाळायच्या, हे मला शेजारच्या आजीने सांगितलं. तोवर आजीबाईंनी व्हीलचेअरचा ब्रेक लावला होता, माईक डाव्या हातात घेतला होता आणि उजव्या हाताचं बोट थेट माझ्यावर रोखलं होतं.