पाठीतलं पाणी आणि माझी पहिली प्लेट

एमएस्सी झाल्या झाल्या पुण्यात एका पार्किन्सन्सच्या प्रोजेक्टवर लागले. काम ऐकायला सोपं, पेशंटच्या पाठीतल्या पाण्यात म्हणजे सीएसएफमध्ये अल्फा-सिन्युक्लिन किती आहे ते मोजायचं. या आजारात मेंदूच्या पेशींत जे लुई बॉडीज नावाचे गोळे सापडतात ते मुख्यतः याच प्रोटीनचे, हे 1997 मध्येच कळलंय. मला वाटलं एलायझा, म्हणजे प्लेटच्या खाचांत रंग आणून प्रोटीन मोजायची टेस्ट, तर कॉलेजात केलीये, त्यात काय एवढं.

खरी कसरत प्लेटच्या आधीच असते. हे प्रोटीन काचेला चिकटतं, म्हणून ट्यूब पॉलिप्रॉपिलीनचीच हवी. मग कर्वे रोडवरून सॅम्पलचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पाषाणला लॅबमध्ये, विद्यापीठ चौकात अर्धा तास अडकलो की रिक्षावाले काका विचारणार, मॅडम मासे आहेत का. पोचल्यावर सेंट्रिफ्यूज, म्हणजे मशीनमध्ये गरगर फिरवून पेशी तळाला बसवायच्या, मग छोटे छोटे भाग करून उणे 80 च्या फ्रीझरमध्ये, कारण एकदा वितळवलेलं परत गोठवलं की आकड्यांवर भरवसा राहत नाही. आणि गुरुवारी लाइट जाणार असा मेसेज आला की बुधवारी रात्री झोप नाही, जनरेटर असला तरी!!

पहिली प्लेट लावली. 96 खाचा, प्रत्येक सॅम्पल दोनदा, शेवटी निळा रंग येतो, स्टॉप सोल्युशन टाकलं की पिवळा होतो आणि 450 नॅनोमीटरला वाचायचं. बाकी सगळं ठीक, एकाच सॅम्पलचा आकडा आभाळाला भिडलेला, दोन्ही खाचांत. मी पिपेटला शिव्या घातल्या, परत केलं, तेच. सीनियर ताईने एकच विचारलं, हिमोग्लोबिन बघितलंस का? नव्हतं बघितलं. रक्तातलं जवळजवळ सगळं अल्फा-सिन्युक्लिन लाल पेशींत असतं, नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त, त्यामुळे सुई टोचताना रक्ताचा एखादा थेंब आला तरी मोजमाप बोंबलतं. डोळ्यांना पाणी स्वच्छच दिसत होतं. हिमोग्लोबिन मोजलं, मर्यादेच्या कितीतरी वर. सॅम्पल बाद.

बरं, बाकीच्या आकड्यांनीही फार काही हाती लागलं नाही. पेशंटांची सरासरी जरा कमी येते खरी, पण निरोगी लोकांच्या आकड्यांत इतकी मिसळलेली की एकट्या माणसाचा आकडा बघून काहीच ठरवता येत नाही. म्हणून तर आता किती आहे यापेक्षा त्याच्या गुठळ्या होतात का हे बघणारी सीड अॅम्प्लिफिकेशनची टेस्ट जोरात आहे, 2023 मध्ये त्यावर मोठा अभ्यास आला, अकराशेवर लोकांचा.

बाद झालेलं सॅम्पल सदाशिव पेठेतल्या एका काकांचं होतं. नाव मला माहीत नसतं, फक्त कोड नंबर, पण त्या दिवशी डबा घ्यायला गेले तेव्हा तेच एकटे कॉटवर आडवे होते, हात थरथरतोय आणि मला म्हणतात, "नीट ने गं, दोनदा टोचून काढलंय."

तो कोड मी एक्सेलमध्ये लाल केला आणि डबा धुवायला घेतला.