मजूर हेल्मेट का घालत नाहीत?

बांधकाम साइटवर इंजिनिअर आहे म्हटलं की लग्नकार्यात कोणीतरी विचारतंच, "तुमचे मजूर हेल्मेट का हो घालत नाहीत? सांगूनही ऐकत नाहीत ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून एक सांगतो.

नोकरीला लागून वर्ष झालं होतं. पुण्यातली सात मजली इमारत. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये डक्टसाठी, म्हणजे पाइप वर-खाली नेण्यासाठी, मोकळी जागा सोडलेली, तिच्यावर नुसता प्लाय टाकलेला. खिळे नाहीत, रंगाची फुली नाही. दुपारी सुताराने सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबचा साचा उभारायच्या कामावरच्या, एका पोराला प्लाय आणायला पिटाळलं. त्याने नेमका तोच उचलला, दोन्ही हातांनी छातीसमोर उभा धरला आणि चालू लागला. पायाखालचं दिसणार कसं? दुसऱ्या पावलाला तो खालच्या स्लॅबवर होता. खुबा मोडला. डोक्यावर हेल्मेट होतं, हनुवटीखालचा पट्टासुद्धा लावलेला होता. सकाळी त्याच प्लायवरून मी चालत गेलो होतो. मला तो ठोकून घ्यायचं सुचलं नाही.

हेल्मेट हवंच, त्यात वाद नाही. पण आधी भोक बंद हवं, कडेला कठडा हवा. "सेफ्टी बेल्ट दिलाय की त्यांना" असंही ऐकतो. हुक अडकवायचा कशाला? ताणलेली दोरी नसते, मग माणूस तो परांचीच्याच बांबूला अडकवतो. सेंट्रिंगची मजुरी स्क्वेअर फुटावर ठरते. हुक काढण्या-लावण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जातो. आणि कठड्याचे पैसे पुष्कळदा अंदाजपत्रकात धरलेलेच नसतात. हा हिशोब मजूर करत नाही, आम्ही करतो.

1996च्या बांधकाम कामगार कायद्याने सुरक्षा अधिकारी सक्तीचा केला होता, तो 500 किंवा जास्त कामगार असतील तिथे. गल्लीतल्या सात मजली इमारतीवर चाळीस-पन्नास माणसं असतात. तिथे मुकादमाची नजर असेल तेवढीच सुरक्षा.

जून 2019मध्ये पुण्यातल्या कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यात लहान मुलंही होती. रात्रीची वेळ, माणसं झोपलेली. त्यांना हेल्मेटचं काय विचारणार? खोदाईच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत खोल्या उभारू देणं, हे कागदावर सही करणाऱ्यांचं काम आहे.

आता रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी प्रत्येक झाकणाला बुटाने ढकलून बघतो. हललं, तर ते ठोकेपर्यंत त्या मजल्यावर कोणी चढत नाही. स्लॅब एक दिवस लांबला म्हणून बोलणी खाल्ली आहेत, पुढेही खाईन.

तुम्ही फ्लॅट बघायला साइटवर याल, तेव्हा लिफ्टच्या दारांच्या जागी आडवे पाइप लावलेत का बघा. आणि मजूर रात्री कुठे झोपतात, ते आमच्यापैकी कोणालाही विचारा.