गळतीचा माग

शनिवार, रात्र

आज गाडी टोचन करून घरी आणावी लागली. मारुती ८००, २००५ सालची, आण्णांनी एसटीतून निवृत्त झाल्यावर घेतलेली. गगनबावड्याला आत्तीला भेटून आम्ही दोघं कोल्हापूरकडे परतत होतो. असळज मागं पडल्यावर एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. थोडा वेळ आधीपासून जळका वास येत होता. पण हे दिवस गुऱ्हाळांचे. रस्ताभर चुलवाणाचा धूर आणि उकळत्या रसाचा वास. त्यातून दुसरा वास वेगळा काढणं अवघडच. पुढच्या वळणावर दिवा परत लागला तसे आण्णा म्हणाले, “बंद कर इंजिन. आत्ता. जाईल तिथंवर जाऊ दे गाडी.”

गिअर काढला, इंजिन बंद केलं. उरलेल्या वेगावर गाडी एका उसाच्या फडाला लागून थांबली. बॉनेट उघडलं तर इंजिनची एक बाजू वरपासून खालपर्यंत ओली, सायलेन्सरच्या पाइपवर थेंब पडून धूर निघत होता. थोडं थांबून डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली, पुसली, परत घातली, काढली. टोकाला तेल लागलंच नाही. सकाळी निघताना हीच पट्टी वरच्या खुणेच्या जरा खाली होती. या इंजिनात मुळात तेल मावतं जेमतेम तीन लिटर, त्यामुळे जायला लागलं की संपायला वेळ लागत नाही.

लाल दिव्याबद्दल आण्णा मला लहानपणापासून एकच गोष्ट सांगत आलेत: तो तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाला दाब आहे की नाही हे सांगतो. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो आणि पंपाच्या दाबानं तो टिकून राहतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो आणि मग मिनिटाच्या आत इंजिन पकडू, म्हणजे जाम होऊ शकतं. वळणावर दिवा लागतो कारण चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, उरलेलं थोडं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. म्हणजे वळणावरची ती लुकलुक ही पहिली आणि बहुतेक वेळा शेवटची सूचना. “गावापर्यंत जाऊ, तिथं बघू” असं म्हणणाऱ्यांची इंजिनं त्यांनी डेपोत खोललेली पाहिली आहेत.

मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन थांबला. त्याला फॅक्टरीची पाळी गाठायची होती, तरी थांबला. त्यानं सांगितलं, “कळे गावात तेल मिळंल, एक लिटर वता आणि जावा हळूहळू.” मनानं भला माणूस. पण तेल कुठून जातंय हे माहीत नसताना वरून ओतत चालवणं आण्णांना मान्य नव्हतं आणि मलाही नाही. आतेभावाला फोन केला, तो शेजाऱ्याचा छोटा हत्ती घेऊन आला. तोवर डांबरावर पडलेल्या तेलावर मी फडातली माती आणून टाकली. संध्याकाळी तिथून दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली जातात, घसरायला एवढं तेल पुरतं. दोर बांधून बालिंगा ओलांडून घरी यायला रात्र झाली.

रविवार

सकाळपासून गल्लीत गाडीभोवती माणसं. “चेंबरचं पॅकिंग गेलं.” “नाही, क्रँक सील.” आणि ज्याची मला चीड येते ते वाक्य: “जुनी गाडी म्हटल्यावर गळणारच, वहिनी.” हे मला पटत नाही. तेल वयामुळं गळत नाही. ते एका विशिष्ट जागेतून गळतं. तिथलं रबर उष्णतेनं कडक झालेलं असतं, किंवा वॉशर दबलेला असतो, किंवा इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाइप तुंबून ती वाफ सील ढकलत असते. जागा सापडली की काम ठरतं. १९८३ ते २०१४ एवढा काळ ही गाडी बनत होती, दुरुस्ती माहीत असलेले हात अजून गावोगावी आहेत, सुटे भाग मिळतात. मग गळणं हेच तिचं नशीब म्हणून सोडून का द्यायचं?

आधी धुणं. इंजिन पूर्ण थंड होतं. अल्टरनेटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन वरून खाली सगळं घासलं, फडक्यानं कोरडं पुसलं. खाली जुन्या खोक्याचा पुठ्ठा पसरला. कुठलं द्रव आहे हे पुठ्ठ्यावर लगेच कळतं: कूलंट हिरवट किंवा गुलाबी, गिअर ऑइल जाड आणि उग्र वासाचं, इंजिन ऑइल काळपट आणि बोटात निसटणारं. आमचं अर्थात तिसरं. मग संशयाच्या जागांवर, म्हणजे टॅपेट कव्हरची (इंजिनच्या वरच्या झाकणाची) कड, फिल्टरचा गळा, चेंबरचा जोड, यांच्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. पांढऱ्यावर तेलाची रेघ उठते, ती वर जिथं सुरू होते तिथं गळती. ही युक्ती आण्णांची, डेपोतली.

२०डब्ल्यू-४० चं तेल खालच्या खुणेपर्यंत भरलं. इंजिन बंद असताना तासभर काहीच नाही, पुठ्ठा कोरडा. ही मोठी खूण होती. चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन बोल्ट असता तर इंजिन बंद असतानाही थेंब पडले असते. चालू इंजिनातच जातं म्हणजे दाबाखालची जागा. मी सुरू केलं, आण्णा टॉर्च घेऊन वाकले आणि काही सेकंदांतच हात वर करून बंद करायला सांगितलं.

ऑइल प्रेशर स्विच. त्याच्या वायरची रबरी टोपी काढली तर आत तेल भरलेलं. स्विचच्या मधोमध जिथं पिन बसते, तिथल्या प्लॅस्टिकच्या कडेनं सुतासारखी धार बाहेर येत होती आणि वायरवरून ओघळत खाली सगळीकडे पसरत होती. ज्या स्विचनं दाब गेल्याची सूचना द्यायची, त्याच्यातूनच तेल जात होतं. पुढून वारा लागला की ते मागं चेंबरवर जातं, म्हणून सगळ्यांचं बोट चेंबरकडे.

गल्लीतल्या सल्ल्यावर चेंबर उतरवलं असतं तर एक दिवस, पॅकिंग, सिलिकॉन आणि मजुरी, सगळं वाया.

मंगळवार

काल शाळा होती. आज अर्धी रजा टाकून उद्यमनगरात मिस्त्री चाचांकडे. गाडी परत दोरानंच नेली. चाचांनी आमचं म्हणणं ऐकून घेतलं, तरी स्वतः परत पुसून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मला हे फार आवडतं. “ताई, तेल खाली पडतं म्हणून खाली बघायचं नसतं. वरनं बघत यायचं,” ते म्हणाले.

खोल गोटी (लांब तोंडाचा पाना) लावून जुना स्विच काढला. नवा लगेच बसवला नाही. त्याच भोकात आधी काट्याचा प्रेशर गेज लावला, तेल-फिल्टर बदलून इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि मग काटा बघितला. शनिवारी त्या दोन वळणांवर बेअरिंगला इजा झाली का, हे कळायची तीच खात्रीची वाट. मिस्त्री लोकांचा ढोबळ हिशोब असा की गरम इंजिनात मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय दाब हवा. काटा त्याच्या वरच राहिला, आयडलिंगलाही, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवल्यावरही, खाली कोसळला नाही. आण्णा त्या काट्याकडे टक लावून उभे होते. काटा स्थिर दिसल्यावर त्यांनी चाचांसाठी आणि पोरांसाठी चहा सांगितला.

नवा स्विच दोनशे रुपयांच्या आतला. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची का विचारलं, तर चाचांनी नकारार्थी मान हलवली. या आट्या निमुळत्या असतात, आवळल्या की आपोआप बसतात. टेपचा तुकडा सुटून तेलाच्या वाटेत गेला तर नवं दुखणं. शिवाय स्विचला अर्थिंग इंजिनच्या अंगातूनच मिळतं, जाड टेपनं तेच तुटलं तर दिवा लागायचाच नाही. आणि जोर करून आवळायचंही नाही, भोकाच्या कडेला तडा जातो. चावी फिरवल्यावर दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. तसाच हवा. चावी फिरवल्यावर जो दिवा लागतच नाही, त्याचा भरवसा धरू नये.

गाडी वर घेतल्यावर आणखी एक ओलावा दिसला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाशी. मागचं क्रँक सील पाझरतंय. थेंब पडत नाही, नुसती धूळ चिकटलेली. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा चाचांचं म्हणणं, क्लचप्लेट बदलू तेव्हा एकदमच करू. मला ते रास्त वाटलं. पुढच्या बाजूचं सील असतं तर थांबले नसते, कारण तिथलं तेल टायमिंग बेल्टवर जातं आणि बेल्ट खातं.

संध्याकाळी पन्हाळ्याच्या चढाला नेऊन आणली. पुठ्ठा कोरडा, पट्टी वरच्या खुणेवर. क्लचचं काम मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर करायचं ठरलंय. तोवर दर रविवारी पट्टी मी बघणार आणि तो जोड आण्णा.