आमची वाटचाल : डावी सीट

ट्रकमध्ये डावीकडची सीट क्लीनरची असते. 1998 मध्ये सतराव्या वर्षी मी त्या सीटवर बसलो आणि आज हेवी गाडीचं ट्रेनिंग स्कूल चालवतो तरी बसायची जागा तीच, फक्त आता माझ्या पायाखाली एक ब्रेक आणि एक क्लच आहे. बऱ्याच जणांनी विचारलं की या धंद्यात कसे आलात म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आम्ही गोवंडीचे. बाबा माथाडी होते, त्यांच्या ओळखीने एका उस्तादच्या, म्हणजे ट्रकच्या मुख्य ड्रायव्हरच्या, हाताखाली लागलो. काम म्हणजे ताडपत्री बांधायची, रस्सा आवळायचा, टायर ठोकून बघायचे आणि गाडी मागे घेताना खाली उतरून ओरडायचं. स्टेअरिंग कुणी शिकवलं नाही, रात्री रस्ता मोकळा असला की उस्ताद म्हणायचा घे जरा, मी डोळे मिटतो, आणि तेवढ्यावरच माझ्यासारखी हजारो पोरं ड्रायव्हर झाली. उस्ताद माणूस चांगला होता, स्वतःच्या डब्यातली भाकरी द्यायचा, पण त्यालाही कुणी नीट शिकवलेलं नव्हतं ना.

कसारा घाट उतरताना एकदा डिझेल वाचवायला त्याने गाडी न्यूट्रल केली. भरलेली गाडी, वरून पाय सतत ब्रेकवर. ब्रेकचे ड्रम तापले, आतल्या लायनरचा जळका वास केबिनमध्ये आला, आणि मग ब्रेक दाबला तरी गाडी थांबेना. नशीब की डाव्या बाजूला डोंगर होता, त्याला घासत घासत थांबवली. कुणाला काही झालं नाही पण माझी डावी बाजू अशी खडकाला लागून चालली होती आणि मी नुसता दरवाजा धरून बसलो होतो, करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. ते मी आजपर्यंत विसरलो नाही आणि स्कूलची खरी सुरुवात मी तिथूनच धरतो.

वीस पूर्ण झाल्यावर हेवीचं लायसन्स काढलं. कायदाच तसा आहे, ट्रान्सपोर्टच्या गाडीला वय 20 लागतं आणि हेवीचं कच्चं काढायच्या आधी एक वर्ष हलक्या गाडीचं पक्कं लायसन्स हातात असावं लागतं. मग दहा बारा वर्षं ट्रेलर चालवला, न्हावा शेवा ते भिवंडी, कधी तळोजा, कधी पुण्याजवळचं चाकण. आमचे शेठ नवीन ड्रायव्हर ठेवताना मला सांगायचे, जा रे याच्याबरोबर एक राऊंड मारून ये. लायसन्स सगळ्यांकडे असायचं पण चाळीस फुटी कंटेनर मागे घ्यायला सांगितला की दहातले सहा सात अडकायचे. मी म्हणायचो अरे उलटा फिरव, आणि तो विचारायचा उलटा म्हणजे कुठे, तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या हाताला माहितीये पण तोंडाला सांगता येत नाही. घरी येऊन पोराची खेळण्यातली गाडी आणि काडेपेटी दोऱ्याने बांधून मी लादीवर ढकलत बसलो होतो, त्यातून वाक्य तयार झालं, की ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्याच्या विरुद्ध बाजूला स्टेअरिंग थोडंसं दे आणि शेपूट वळायला लागलं की लगेच त्याच्या मागे जा, उशीर केलास तर घडी होते, म्हणजे पुढची गाडी आणि ट्रेलर एकमेकांवर दुमडतात. आजही हेच सांगतो.

इन्स्ट्रक्टर व्हायचं ठरवलं तर कळलं की नुसता अनुभव चालत नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलंय, किमान दहावी पास, पाच वर्षं ड्रायव्हिंगचा अनुभव आणि वर मोटार मेकॅनिकचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट. माझी तर दहावी राहिलेली. मग रात्रशाळेत नाव घातलं, दिवसा गाडी आणि संध्याकाळी वर्ग, एकोणतिसाव्या वर्षी दहावी काढली. गणितात बायकोने शिकवलं म्हणून सुटलो हे इथे लिहिलंच पाहिजे. त्यानंतर मेकॅनिकचा कोर्स, त्यात मात्र मजा आली कारण इतकी वर्षं जे नुसतं कानाने ओळखायचो ते उघडून बघायला मिळालं.

आधी एका स्कूलमध्ये नोकरी केली, नाव नको. नियम असा आहे की ट्रान्सपोर्टच्या गाडीचं शिक्षण कमीत कमी 30 दिवस आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे 15 तास. कोण किती तास चालवतो ते फॉर्म 15 मध्ये भरायचं आणि शेवटी फॉर्म 5 चं सर्टिफिकेट द्यायचं. तिथे पोरगा चार वेळा गाडीत बसायचा आणि रजिस्टरमध्ये पंधरा तास भरलेले असायचे. मला सही करायला सांगितली. पहिल्या महिन्यात केली, खरं सांगतो, नोकरी नवीन होती. नंतर झोप लागेना, ज्याला मी सर्टिफिकेट दिलं तो आता कुठल्या घाटात असेल हाच विचार. दीड वर्षाने सोडली.

2014 ला स्वतःचं काढलं. पतपेढीचं कर्ज, एक जुना सहा चाकी ट्रक, त्याला ड्युएल कंट्रोल, म्हणजे डाव्या सीटलाही ब्रेक आणि क्लच, बसवून घेतलं, आणि ऑफिस म्हणजे दहा बाय दहाचा गाळा. पहिल्या तीन महिन्यांत पाच विद्यार्थी. लोक यायचे आणि विचारायचे किती दिवसात लायसन्स, मी सांगायचो पंधरा तास तुम्हीच चालवणार आणि ते तसेच परत जायचे. बायको हिशोब बघते, तिने एकदाच विचारलं की असं किती दिवस, आणि मग तिनेच ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करायला सुरुवात केली की तुमचे ड्रायव्हर आमच्याकडे पाठवा, ते ज्या चुका करतायत त्या आम्ही दुरुस्त करतो. धंदा खरा तिथून उभा राहिला.

मुंबईत हेवी शिकवणं म्हणजे वेळेचं गणित. गर्दीच्या वेळात जड गाड्यांना बंदी, त्यामुळे आम्ही पहाटे निघतो. पहिले दोन दिवस गाडी हलतच नाही. त्या दोन दिवसांत हवा शिकवतो, कारण हेवी गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. नव्या माणसाला वाटतं हवा भरली की ब्रेक लागतो, पायाच्या ब्रेकला ते खरंय, पण पार्किंग ब्रेक उलटा, तिथे स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवा त्याला सोडवते. म्हणून हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर हवा पूर्ण भरल्याशिवाय गाडी काढायची नाही, आणि रस्त्यात हवा उतरली तर मागची चाकं आपोआप जाम होतात. हे एकदा डोक्यात बसलं की पोरगा चालू करताच गेजकडे बघतो, सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट डावी बाजू. एकाला ड्रायव्हर सीटवर बसवतो आणि बाकीच्यांना डावीकडे पुढच्या चाकाजवळ उभं करतो. वरच्याला विचारतो किती जण दिसतात. कधी एक, कधी कुणीच नाही. मग बसलेला खाली आणि खालचा वर. मुंबईत सिग्नलला तुमच्या डावीकडून बाईक घुसणारच, तिला शिव्या देऊन उपयोग नाही, ती तिथे आहे असंच धरून वळायचं. आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून जात नाहीत, आत कापतात, त्यासाठी कोपऱ्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवतो. पहिल्या आठवड्यात बाटल्या चेपतात, तो आवाज पोरांना चांगला लक्षात राहतो.

शेवटच्या आठवड्यात घाट, बोरघाट नाहीतर कसारा. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, न्यूट्रल नाही म्हणजे नाही. कसाऱ्याला मी गाडी बाजूला घेऊन माझी गोष्ट सांगतो आणि मग त्यांना उतरवायला देतो.

मला स्वतःला सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. चांगला ड्रायव्हर डाव्या सीटवर बसला की त्याचा पाय सारखा ब्रेककडे जातो आणि हात स्टेअरिंगकडे. सुरुवातीला मी इतक्यांदा ब्रेक मारायचो की पोरं माझ्याच भरवशावर चालवायची, समोर बघायचीच नाहीत. आता हात मांडीखाली धरून बसतो आणि आधी तोंडाने सांगतो, पाय अगदी शेवटी.

2020 ला आरटीओ बंद, स्कूल बंद, हप्ते चालू. मालवाहतूक सुरू होती म्हणून मी परत ट्रेलरवर गेलो, त्या महिन्यांत औषधं आणि धान्य ओढलं. 2021 मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नवे नियम आले, तिथे शिकलेल्याला आरटीओची टेस्ट माफ, हेवीचा कोर्स 38 तासांचा, मला मनापासून पटलेले नियम. पण हेवीसाठी दोन एकर जागा हवी. मुंबईत माझ्यासारख्याने दोन एकर आणायचे कुठून? तास वाढवणं मात्र आपल्या हातात होतं, म्हणून आम्ही पंधराचे बावीस केले आणि फी थोडीशीच वाढवली.

आता दोन गाड्या आहेत, रविवारी एका जुन्या मालकाचा ट्रेलर भाड्याने मिळतो. आमच्याकडेच शिकलेला साताऱ्याकडचा एक पोरगा सहा वर्षं लाईनवर, म्हणजे ट्रक चालवण्यात, काढून परत आलाय, त्याला इन्स्ट्रक्टर व्हायचंय. त्याचीही दहावी राहिलीये. गेल्या महिन्यात माझ्याच रात्रशाळेत त्याचं नाव घातलं, आणि गणित शिकवायला तो मंगळवार शुक्रवार आमच्या घरी येतो, बायको घेते.